पडल्या पडल्या करावयाचे उपचार

मनुष्यदेहाला जडणाऱ्या व्याधींची काही उतरंड असेल तर तीत पाठदुखीचे स्थान फार मानाचे आहे, असे माझे बरेच दिवसांचे निरीक्षण आहे. पडसे झालेल्या माणसापासून लोक चार हात दूर बसतात, पोट बिघडलेल्याची चारचौघांत चौकशी करणे शिष्टसंमत नाही, आणि मोठ्या आजाराचे नाव निघाले की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. परंतु कंबरेला रुंद पट्टा आवळून, एक हात मागे टेकवून, सावकाश पावले टाकीत जो गृहस्थ लग्नमंडपात प्रवेश करतो त्याच्यासाठी यजमान स्वतः उठून पाठीची खुर्ची मागवतो, सामान उचलण्याच्या वेळी त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, आणि इतका सगळा इतमाम असूनही त्याच्या जिलब्यांवर कसलेही पथ्य नसते. दुखणे असावे तर असे. दिसत नाही, पसरत नाही, सहसा जीव घेत नाही, आणि सांगायला मात्र जन्मभर पुरते.

हे दुखणे खुर्चीबरोबर आले, आपले पूर्वज ताठ कण्याचे होते, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. तो खरा असता तर आमच्या गावाकडे उसण उतरवण्याची स्वतंत्र यंत्रणा कशाला लागली असती? जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले असा पायाळू मनुष्य कोणत्या आळीत राहतो याची नोंद, तलाठ्याच्या दप्तरी नसली तरी, प्रत्येक आजीच्या डोक्यात पक्की असे. कोणाच्या कंबरेत उसण भरली की त्याला बोलावणे जाई, रोगी उंबऱ्याशी पालथा पडे, आणि पायाळूने कंबरेला पाय लावला की उसण उतरली असे सर्वानुमते ठरे. हा पायाळू बहुधा शाळकरी पोर असल्यामुळे, एरवी ज्यांच्यासमोर मान वर करण्याची प्राज्ञा नाही अशा वडीलधाऱ्यांना लाथ मारण्याची ही एकमेव अधिकृत संधी तो ज्या तन्मयतेने साधे, ती पाहण्यासारखी असे. बहुतेक उसणी काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत आपण होऊन उतरतात, ही गोष्ट आजच्या वैद्यकालाही मान्य आहे. आणि दुखणे उतरणीला लागल्यावर जो उपचार हजर होतो त्याला यश येण्यास फारशी अडचण पडत नाही. पायाळूची ही युक्ती पुढे त्याच्यापेक्षा पुष्कळ महाग अशा साधनांनीही उचलली आहे.

पायाळूच्या लाथेपासून विजेच्या यंत्रांपर्यंत सांध्यांच्या आणि पाठीच्या उपचारांचा जो प्रचंड पसारा मानवजातीने मांडला आहे, त्यात लोकप्रियतेची कसोटी एकच दिसते. रोग्याने पडावे, आणि जे करावयाचे ते दुसऱ्याने करावे. चोळावे, शेकावे, ताणावे, लिंपावे, बुडवावे. रोग्याने फक्त अधूनमधून ‘हां, तिथेच’ एवढे म्हणावे. ज्या उपचारात रोग्यानेच काही करावे अशी अट असते तो कितीही गुणकारी असला तरी लोकांच्या मनातून उतरतो.

या कसोटीला चरकसंहितेतला स्वेदाध्याय किती तेजस्वी ठरतो ते पाहा. अग्नीच्या साह्याने घाम काढून जखडलेले शरीर मोकळे करण्याचे तेरा प्रकार तेथे सांगितले आहेत. त्यांत तापलेल्या दगडावर निजणे आहे, नळीने वाफ घेणे आहे, काढ्यात बसणे आहे. परंतु माझे मन जडले ते कूपस्वेदावर. शय्येइतका रुंद आणि त्याच्या दुप्पट खोल असा खड्डा निवाऱ्याच्या जागी खणावा, तो आतून स्वच्छ करून त्यात हत्ती, घोडा, गाय, गाढव आणि उंट यांचे शेण जाळावे, वर अंथरूण घालावे, आणि अंगाला तेल लावलेल्या रोग्याने त्यावर नीट पांघरून निजावे, म्हणजे त्याला सुखाने घाम येतो. हा उपचार आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आवारात करण्याचे मनात आले, तर खड्ड्यासाठी कार्यकारी मंडळाची मंजुरी, धुरासाठी शेजाऱ्यांची नाहरकत आणि हत्तीच्या शेणासाठी एखाद्या देवस्थानाची मेहेरबानी इतक्या गोष्टींची तजवीज करताना रोग्याच्या नातलगांना जो घाम येईल त्यावर चौदावा प्रकार लिहिता येईल. रोगी मात्र निजलेलाच.

एवढी खटपट नको असेल त्यांच्यासाठी निसर्गाने कोकणपट्टीत सह्याद्रीच्या पायथ्याला समांतर अशी उन्हाळ्यांची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची, ओळच मांडून ठेवली आहे. ठाण्याकडची वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी, दापोलीजवळचे उन्हवरे, संगमेश्वराकडचे तुरळ, राजापूरचे उन्हाळे, अशी ती नावे खाली उतरत जातात. गणेशपुरीच्या बाजूचे पाणी ५० अंशांच्या मागेपुढे, तर उन्हवऱ्याचे ७० च्या घरात. म्हणजे पहिल्यात उतरता येते आणि दुसऱ्यात, उगमाशीच गेल्यास, तांदूळ शिजत घालण्याचा विचार मनात येतो. हे पाणी तापवणारा ज्वालामुखी खाली कोठेही नाही. पावसाचे पाणी काळ्या पाषाणातल्या भेगांतून फार खोल मुरते, तेथे पृथ्वीच्या अंतरंगातली उष्णता घेते, आणि दुसऱ्या भेगेने वर येते, असा तो सरळ व्यवहार आहे. भाविकांना हा खुलासा फिका वाटतो. देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्ताचे हे पाणी झाले, अशी त्यांची कथा आहे, आणि गंधकाच्या वासाने ती अधिकच पटते.

वज्रेश्वरीच्या देवळाची हकीकत तर प्रत्येक मराठी माणसाने ऐकलेली असते. वसईचा किल्ला हाती येईना तेव्हा चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, १७३९ साली वसई पडली, आणि नवसाप्रमाणे किल्ल्याच्या थाटाचे देऊळ उभे राहिले. त्या देवळाला बावन्न दगडी पायऱ्या आहेत. ज्याने कुंडात गुडघे शेकले त्याने देवीचे दर्शन न घेता जाणे प्रशस्त नव्हे, आणि दर्शन घ्यावयाचे तर नुकतेच शेकून मऊ केलेले गुडघे घेऊन बावन्न पायऱ्या चढावयाच्या व तितक्याच उतरावयाच्या, यात देवीची काही योजना असली पाहिजे. उतरताना सांधेवाल्या मंडळींची जी संथ, तिरपी, कठड्याला बिलगलेली मिरवणूक दिसते, तीत एक म्हातारा दुसऱ्याला ‘कुंडाने बराच फरक पडला’ असे सांगत असतो.

फरक पडतो हे खोटे नाही. मी अकलोलीच्या कुंडाच्या काठावर पुष्कळ वेळ बसून हा फरक पडताना पाहिला आहे. प्रथम अंगठा बुडतो आणि ‘आई गं’ म्हणून बाहेर येतो. मग टाच. मग काठावरच्या शेवाळलेल्या दगडाला धरून पोटऱ्या, आणि चेहऱ्यावर एक प्रकारचे वैराग्य. आधीपासून गळ्याइतक्या पाण्यात बसलेला, तांबडालाल झालेला एक अनुभवी गृहस्थ प्रत्येक नवागताला ‘एकदम बसा हो, एकदम बसलं की लागत नाही’ असा उपदेश करीत असतो आणि कोणीही त्याचे ऐकत नाही. शेवटी तो नवागत गळ्याइतका बसतो, आणि वीस वर्षे आखडलेले त्याचे खांदे कोणाच्या हुकमाशिवाय खाली येतात. उष्णतेने स्नायू सैल पडतात हे एक कारण. दुसरे कारण आर्किमिडीजचे. मानेपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या सांध्यांवर त्याच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो, बाकीचा भार पाणी सोसते. ऐंशी किलोचा गृहस्थ आठ किलोचा होऊन बसतो, मग गुडघे का कुरकुरतील? कुंडाबाहेर पाय ठेवताक्षणी मात्र बहात्तर किलोंची ती अनामत रक्कम एकरकमी परत मिळते, आणि उरलेसुरले समाधान भिवंडीपर्यंतचा रस्ता वसूल करून घेतो.

उरुळी कांचनच्या निसर्गोपचाराबद्दल येथे विस्ताराने लिहीत नाही. १९४६ साली गांधीजींनी सुरू केलेल्या त्या आश्रमात मातीचे लेप आणि कटिस्नाने असली तरी आहाराचा बंदोबस्त असा आहे की पाठीकडे लक्ष देण्यास रोग्याला सवडच राहत नाही.

फ्रेंचांचा मात्र मला मनापासून हेवा वाटतो. त्यांच्या देशात सांधेवाताच्या रोग्याने डॉक्टरांची चिठ्ठी सादर केली की अठरा दिवसांच्या उपचारासाठी त्याला उन्हाळ्यांच्या गावी जाता येते आणि उपचारखर्चाचा बराचसा वाटा सामाजिक विम्याच्या खजिन्यातून मिळतो. दाक्स नावाच्या गावी तर नदीचा गाळ आणि उन्हाळ्याचे पाणी यांचा चिखल मुरवून तो गरमागरम पाठीला आणि गुडघ्यांना लिंपतात. आणि हा चिखल सरकारमान्य असतो! आपल्याकडे चिखलाची वानवा नाही, सरकारची तर नाहीच नाही, परंतु दोहोंची सांगड घालण्याची दृष्टी अद्याप आलेली नाही. अकलोलीस अठरा दिवस राहण्याची दरखास्त एखाद्या कारकुनाने साहेबांपुढे ठेवली, तर तिच्यावर जो शेरा पडेल त्याने दुसरेच दुखणे जडेल.

म्हणून आपला शहरी रोगी कुंडाऐवजी फिजिओथेरपीच्या खोलीत जातो. ही विद्या आपल्या देशात रीतसर शिकवण्यास प्रारंभ झाला तो १९५० च्या दशकात, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात; पोलिओने पांगळ्या झालेल्या मुलांना पायांवर उभे करणे हे तेव्हाचे मोठे काम होते. आता तो शिरस्ता गल्लोगल्ली पोहोचला आहे, आणि मुलांच्या जागी काका आले आहेत.

या खोलीत पडद्यांनी विभागलेले चार-सहा पलंग असतात, आणि प्रत्येक पडद्याआड एक एक गृहस्थ पालथा. एकाच्या पाठीवर गरम पाण्याच्या पेटीतून काढलेली, टॉवेलात गुंडाळलेली जड पिशवी. दुसऱ्याच्या गुडघ्याला दोन्ही बाजूंनी तबकड्या लावलेल्या. या तबकड्यांतून निघणाऱ्या लहरी आकाशवाणीच्याच कुळातल्या असून त्यांची लांबी अकरा मीटर भरते. त्या लावण्याआधी अंगावरची सगळी धातूची चीजवस्तू उतरवावी लागते, आणि एका वृद्ध गृहस्थांच्या जानव्याला बांधलेली तिजोरीची किल्ली काढून ठेवण्यावरून जो संवाद झाला तो पडद्याआडून आम्ही सर्वांनी श्वास रोखून ऐकला. किल्ली अखेर निघाली, पण ती मुठीत धरून ठेवता येणार नाही हे कळताच स्वारीने उपचारच तहकूब केला.

मला स्वतःला आवडते ते मेण. स्टीलच्या पेटीत पातळ केलेले पांढरे मेण सुमारे ५२ अंशांवर निवांत पडलेले असते. बोटे सांध्यांशी धरलेली एखादी आजी आपला हात त्यात बुडवून काढते; क्षणात त्यावर धुरकट साय धरते; पुन्हा बुडवणे, पुन्हा काढणे, असे सात-आठ थर चढले की हात देवळातल्या मूर्तीच्या हातासारखा गुळगुळीत आणि निर्विकार दिसू लागतो. मग प्लास्टिकची पिशवी, वर टॉवेल, आणि वीस मिनिटे गप्पा. ते हातमोज्यासारखे अखंड सोलून निघते तेव्हा त्याच्या आतल्या बाजूस बोटांच्या सुरकुत्या न् सुरकुत्या उमटलेल्या असतात, आणि आजी तो मोजा पुन्हा पेटीत टाकण्यापूर्वी उजेडात धरून पाहते. एरवी पाण्याने भाजले असते इतकी ऊब मेणाने सोसवते, कारण ते उष्णता फार हळूहळू सोडते. सरकारी खात्यातून पैसे सुटावेत त्या बेताने म्हणा ना.

ताण देण्याचा पलंग याच्या अगदी उलट. छातीला एक पट्टा, कंबरेला दुसरा, आणि पायांशी एक यंत्र, जे ठरावीक वजनाने ओढते, क्षणभर सोडते, पुन्हा ओढते. हा मार्ग हिपोक्रेटिसाइतका जुना आहे. त्याच्या काळी कुबड आलेल्या माणसाला शिडीला बांधून शिडी उंचावरून आपटीत असत, आणि गर्दीला तोंडात बोट घालायला लावण्याची हौस असलेले वैद्यच हा उपाय फार करतात, अशी तक्रार तो तेव्हाच करून गेला. या ओढाताणीने कंबर इतर उपायांपेक्षा लवकर सुधारते असे पुढच्या संशोधनातूनही काही निष्पन्न झाले नाही. तरीही ताणाच्या पलंगासमोरची रांग सर्वांत लांब असते, कारण एवढे मोठे यंत्र आपल्या एकट्यासाठी घुरघुरते आहे ही भावना फार सुखावह आहे.

विजेच्या मुंग्या आणणाऱ्या उपकरणाचे घराणे तर समुद्रातले. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने पायाच्या सांध्याच्या दुखण्यावर असा उपाय लिहून ठेवला आहे की रोग्याने ओल्या किनाऱ्यावर जिवंत विद्युत्-माशावर पाय ठेवून उभे राहावे, आणि गुडघ्यापर्यंत पाय बधिर होईपर्यंत हलू नये. माशाचे काय होई ते त्याने लिहिलेले नाही. आता माशाच्या जागी काळ्या रबराच्या चार टिकल्या आल्या आहेत, आणि ‘मुंग्या आल्या की सांगा हं काका’ असे म्हणून एक मुलगी बटण फिरवते. हे का चालते याचा उलगडा मेलझॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली सुचवला. त्यांच्या मते पाठीच्या कण्यात एक देवडी आहे, आणि तिच्यावरचा पहारेकरी एका वेळी सगळ्यांनाच आत सोडत नाही. स्पर्शाच्या, मुंग्यांच्या किरकोळ अर्जदारांनी देवडीवर गर्दी केली की वेदना नावाची मुख्य फिर्यादी बाहेरच ताटकळत राहते आणि साहेबांना, म्हणजे मेंदूला, सर्वत्र आबादीआबाद असल्याचा अहवाल जातो. धडपडलेल्या पोराचा गुडघा आई चोळते तेव्हा ती हेच करते.

हे सर्व चालू असताना पडद्यांच्या आडून जे संभाषण होते ते कोणत्याही परिसंवादाहून सरस असते. येथे माणसे एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, मणक्यांच्या अंकांनी ओळखतात. ‘तुमची एल फोर-फाइव्ह का? माझी फाइव्ह-एस वन,’ असे सांगताना खालच्या मणक्यावाल्याच्या आवाजात जी किंचित वडीलकी येते ती ऐकून घ्यावी. एम.आर.आय.चे भले मोठे पाकीट काखोटीला मारून येणारा रोगी ती काळी तावदाने ट्यूबलाइटसमोर धरतो आणि आजूबाजूचे सगळे जण माना वाकड्या करून तज्ज्ञमत देतात. या मंडळींना एक बातमी सांगण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. १९९४ साली अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांच्या पाठीच्या अशा प्रतिमा काढल्या, तेव्हा निम्म्याहून अधिकांच्या पाठीत निदान एक गादी फुगलेली निघाली आणि सर्व गाद्या निर्दोष अशी जेमतेम ३६ टक्के माणसे सापडली. ही बाकीची माणसे रोज कामावर जात होती, पोरे खांद्यावर घेत होती. त्यांना कोणी पाकीट दिले नव्हते, एवढाच काय तो फरक.

खुर्चीबद्दल म्हणाल तर नाखेमसन नावाच्या स्वीडिश शल्यवैद्याने १९६० च्या दशकात काही परोपकारी लोकांच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून दाब मोजला. निजलेल्याचा सर्वांत कमी, उभ्याचा त्याहून अधिक, बसलेल्याचा आणखी अधिक, आणि बसून पुढे वाकणाऱ्याचा तर विचारू नका. उभ्या जन्मात फाइलीवर वाकून बसण्यापलीकडे ज्यांनी कष्ट केले नाहीत त्या आमच्या पिढीला, आपण हमालाच्या पंक्तीचे होतो हे कळून केवढा दिलासा मिळाला असेल! मात्र निजल्याने दाब सर्वांत कमी होतो एवढेच वाक्य उचलून, त्याचा अर्थ निजून राहावे असा घेण्याची जी प्रथा पडली, तिला शास्त्राचा आधार नाही. उसण भरल्यावर अंथरुणाला खिळून राहणाऱ्यांपेक्षा जमेल तितके हिंडतेफिरते राहणारे लवकर बरे होतात.

आणि येथेच फिजिओथेरपीच्या खोलीतली ती मुलगी आपले खरे स्वरूप प्रकट करते. दहा दिवस शेकून, चोळून, मुंग्या आणून तिने काकांना वश केलेले असते. अकराव्या दिवशी ती त्यांच्या हातात एक कागद ठेवते. त्यावर एक केशहीन, भावशून्य मनुष्य गुडघे उचलताना, कंबर उचलताना, पालथा पडून मान उचलताना काढलेला असतो. पुढे करावयाचे ते एवढेच, रोज, घरी, फुकट, आणि स्वतः. हा कागद पुढे कोठे जातो याचा छडा लावणे कठीण नाही. तो महानारायण तेलाच्या बाटलीखाली डाग पडू नये म्हणून घातलेला आढळतो.

आमचे शेजारी नाना हे तर या बाबतीत निष्णात.

‘काका, व्यायाम करता ना घरी?’ असे तिने विचारले तेव्हा ते ठामपणे म्हणाले, ‘करतो तर! त्यातले दोन तेवढे जमत नाहीत, बाकी सगळे करतो.’

‘मी दोनच सांगितले होते, काका.’

नाना दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी, पाठीवर गरम पिशवी घेऊन पडल्या पडल्या, त्यांनी पडद्याकडे तोंड करून एक शंका विचारली, आणि ती विचारताना त्यांच्या स्वरात थट्टेचा लवलेश नव्हता. घरी सत्यनारायण असला की गुरुजी येतात, संकल्प सोडला की जप आपल्या वतीने तेच करतात, दक्षिणा दिली की पुण्य आपल्या खाती जमा होते. तर त्याच धर्तीवर सकाळी अर्धा तास एखादा होतकरू मुलगा घरी येऊन हे व्यायाम करून जाईल, अशी काही सोय आहे काय?

‘आहे की,’ ती मुलगी म्हणाली, ‘पण मग पाठ त्याची बरी होईल.’

‘त्याची कशाला दुखतेय?’ नाना म्हणाले. ‘धडधाकट पाहूनच ठेवू ना.’